चिनी कुंडलीतले धन आणि आपले धनस्थान

गुढी उभारून झाली, कडुनिंबाचे पान तोंडात टाकून झाले, की पूर्वी गावोगावी जोशीबुवा पंचांग उघडून बसत आणि नव्या संवत्सराचे फळ वाचून दाखवीत. या वर्षी राजा कोण, मंत्री कोण, मेघांचा अधिपती कोणता ग्रह, धान्याचा कोणता, असे ते सांगत जात. त्यांत एक अर्घाधिपतीही असतो. अर्घ म्हणजे भाव, किंमत. बाजारभावावरसुद्धा आपल्या पूर्वजांनी एक ग्रह नेमून ठेवला होता! काही पंचांगांत पुढे राशीवार आय आणि व्यय यांचे आकडे दिलेले असतात. आपल्या राशीला आय दोन आणि व्यय आठ निघाला, की ओटीवर बसलेला शेतकरी मनातल्या मनात यंदा बैल घ्यावा की न घ्यावा याचा हिशेब करू लागे.

माणसाच्या वाट्याला पैसा किती, तो टिकेल की उडेल, आणि पैशाच्या बाबतीत त्याचा स्वभाव कसा, हे जन्मवेळेवरून सांगण्याची हौस केवळ आपलीच आहे असे नाही. चीन देशात ही विद्या फार जुनी आहे, आणि धनाच्या बाबतीत तर तिचा बारकावा आपल्याहून काकणभर अधिकच म्हणावा लागेल. श्रोतेहो, आज त्या विद्येतल्या काही गोष्टी आपल्यापुढे ठेवतो. त्यानंतर आमच्या पनवेल तालुक्यात येऊ, कारण जन्मवेळ आणि धन यांचा हिशेब ताडून पाहायला याच्याइतकी चांगली जागा मला दुसरी माहीत नाही.

प्रथम साठीची गोष्ट. आपल्याकडे प्रभव, विभव, शुक्ल अशी साठ संवत्सरे आहेत. चिन्यांकडेही साठ वर्षांचेच चक्र आहे; पण दोघांचे साठ एका उगमाचे नव्हेत. आपले साठ गुरू ग्रहावरून आले. गुरूला एका राशीतून जायला सुमारे वर्ष लागते, बारा राशींना सुमारे बारा वर्षे, आणि अशा पाच फेऱ्यांचे साठ. चिन्यांनी मात्र दहा चिन्हांची एक माळ घेतली, बारांची दुसरी घेतली, आणि दोन्ही बरोबर ओढत नेल्या. पहिल्याशी पहिले, दुसऱ्याशी दुसरे असे करत गेले म्हणजे साठ पायऱ्यांनी पुन्हा पहिल्याशी पहिले येते. शिक्षक मंडळींना हे वर्गात लसावि शिकवताना वापरता येईल. दहा आणि बारा यांचा लसावि साठ. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या, शांग राजांच्या काळातल्या कोरलेल्या हाडांवर या साठीने दिवस मोजलेले सापडले आहेत. त्यांची सध्याची साठी १९८४ साली सुरू झाली, आपली १९८७ च्या पाडव्याला, शके १९०९ मध्ये, प्रभव संवत्सरापासून.

त्या बारांच्या माळेला लोकांनी बारा प्राणी जोडले: उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन म्हणजे तो पंखाविण उडणारा महासर्प, साप, घोडा, बोकड, माकड, कोंबडा, कुत्रा आणि डुक्कर. ज्या वर्षी मूल जन्मले त्या वर्षाचा प्राणी त्याच्या स्वभावात उतरतो असे मानतात. पैशाच्या बाबतीत उंदीर हा साठवणारा. चिमटीने आणतो पण बीळ भरतो. बैल सावकाश मिळवतो, पण मिळवलेले टिकवतो. वाघ एका उडीत मिळवतो आणि दुसऱ्या उडीत घालवतो. माकड हुशार, देवघेवीत कुणाला हार जाणार नाही. कुत्रा इमानी, म्हणून दुसऱ्याच्या पैशाची राखण करावी ती त्याने. डुक्कर मात्र भाग्यवान. अंगाने भरलेला, खाऊनपिऊन सुखी, त्यामुळे संपत्तीची खूण. आपल्याकडे डुक्कर म्हटले की शिवी होते आणि चिनी घरात तोच लक्ष्मीचा पायगुण! अर्थात आपणही लक्ष्मीजवळ घुबड बसवले आहे आणि गणपतीच्या पायाशी उंदीर, तेव्हा हसायचे कारण नाही.

परंतु ही प्राण्यांची गोष्ट झाली चावडीवरची. चीनमधला जाणता ज्योतिषी केवळ वर्ष पाहत नाही. तो वर्ष, महिना, दिवस आणि वेळ अशा चार खांबांवर प्रत्येकी दोन मिळून आठ अक्षरे मांडतो. ही पद्धत थांग राजवटीत ली शूचुंग याच्या नावावर आणि पुढे सुंग काळात शू त्झूपिंग याच्या नावावर सांगितली जाते. या आठांत दिवसाचे अक्षर म्हणजे तो माणूस स्वतः. ते अक्षर पाच तत्त्वांपैकी एकाचे असते: लाकूड, अग्नी, माती, धातू किंवा पाणी. आता धन कशाला म्हणायचे? आपण ज्याच्यावर मात करतो ते आपले धन, अशी त्यांची व्याख्या आहे. झाडाची मुळे माती फोडतात, म्हणून लाकडाच्या माणसाचे धन माती. मातीचा बांध पाणी अडवतो, म्हणून मातीच्या माणसाचे धन पाणी. पाणी अग्नी विझवते, अग्नी धातू वितळवतो, धातूची कुऱ्हाड लाकूड तोडते. मातीच्या माणसाचे धन पाणी, हे ऐकून आपल्या शेतकऱ्याने मान डोलवावी असेच आहे.

या धनाचेही दोन प्रकार आहेत. एक सरळ धन. ते कष्टाचे, पगाराचे, ठरल्या वेळी येणारे. ज्याच्या कुंडलीत ते बळकट तो काटकसरी, हिशेबी, दिलेला शब्द पाळणारा, पण धाडस कमी. दुसरे आडवाटेचे धन: व्यापाराचे, सट्ट्याचे, अचानक हाती पडणारे. तो माणूस सढळ हाताचा, चारचौघांत मिसळणारा, आज राजा तर उद्या उसनवार. आपल्याकडे लग्नापासून दुसरे ते धनस्थान आणि अकरावे ते लाभस्थान असा भेद केलेला आहे. गाठीला असलेला पैसा वेगळा आणि येणारा पैसा वेगळा. पुन्हा आपल्या दुसऱ्या स्थानावरून धनाबरोबर कुटुंब आणि वाणीही पाहतात. तोंडाने गोड नसेल त्याच्या घरी पैसा राहत नाही, असे काहीसे त्या जुन्या लोकांच्या मनात असावे.

चिनी विद्येतल्या दोन कल्पना मला विशेष मार्मिक वाटतात. लाकडाच्या माणसाच्या कुंडलीत दुसरे लाकूड आले, तर त्या अक्षराला ते धन लुटणारा म्हणतात. आणि तो कोण? भाऊ. कारण दोघांचे तत्त्व एक, आणि माती तेवढीच. भाऊबंदकीची इतकी नेटकी व्याख्या मी दुसरीकडे वाचलेली नाही. दुसरी कल्पना अशी की धन पुष्कळ असले आणि माणूसच दुबळा असला, तर ते धन त्याच्यावर चढून बसते; घर श्रीमंताचे आणि आत राहणारा गरीब, अशी त्याची गत होते. या दोन्ही गोष्टी मनात ठेवा, त्या पुढे लागतील.

आता कुणी विचारील, चिन्यांचे आणि आपले काही देणेघेणे होते की नाही? होते. भारतातून गेलेल्या घराण्यातला गौतम सिद्ध हा थांग दरबारात ज्योतिषी होता, आणि इ. स. ७१८ मध्ये त्याने नवग्रहांच्या गणिताचा आपल्याकडचा ग्रंथ चिनी भाषेत आणला. पुढे ७५९ मध्ये अमोघवज्र या बौद्ध आचार्याने नक्षत्रे, वार आणि ग्रह यांवरचा ग्रंथ चिनीत केला. अमक्या नक्षत्रावर जन्मलेला धनवान होतो, तमक्यावरचा कष्टी होतो, असे त्यात सांगितलेले आहे. म्हणजे आपल्या अश्विनी-भरणी तेथवर पोचल्या. आपल्या बारा राशी तरी मूळच्या आपल्या कुठे? होरा आणि केंद्र हे आपल्या ज्योतिषातले शब्द ग्रीकांचे आहेत, आणि वराहमिहिराने सहाव्या शतकात यवनांच्या या ज्ञानाबद्दल मोकळ्या मनाने आदर दाखवला आहे. हा सगळा इतिहास मराठीत ज्यांनी प्रथम शिस्तीने मांडला ते शंकर बाळकृष्ण दीक्षित. कोकणातल्या मुरूडचे, पेशाने शिक्षक. त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ साली निघाला. शिक्षकाची नोकरी सांभाळून इतके मोठे काम एका माणसाने केले, हे आजच्या शिक्षकांनी आठवणीत ठेवावे असे आहे.

असो. आता आपल्या गावाकडे येऊ.

कुंडली मांडायची तर जन्मवेळ हवी. ती कुणाकडे होती? ज्याच्या घरी घटिकापात्र किंवा पुढे घड्याळ होते, आणि दक्षिणा देण्याची ऐपत होती, त्याच्याकडे. म्हणजे धनस्थान बहुधा त्याचेच पाहिले जाई ज्याच्याकडे मुळात धन होते. बाकीच्यांचा जन्म प्लेगच्या साली, मोठ्या पुराच्या साली, असा सांगितला जाई. पुढे शाळा निघाल्या आणि दाखल्यावर तारीख लिहिणे भाग पडले. तेव्हा गुरुजींनी काय केले, ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. पोराच्या अंगापिंडाकडे पाहून वय ठरवले आणि तारीख टाकली १ जून. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत आजही १ जूनला वाढदिवस असलेली माणसे ढिगाने सापडतील. या सर्वांचा सूर्य कागदोपत्री वृषभेत. त्यांतला एक मामलेदार झाला, एक गवंडी, एकाने किराणा मालाचे दुकान टाकले, एक अजून मजुरीला जातो. हा कुंडलीवर घेतलेला आक्षेप नव्हे, कारण ती तारीखच खोटी. पण एवढे खरे की नोकरी, बढती, निवृत्ती यांचे फेरे ज्या तारखेवर फिरले, ती आकाशाने ठरवलेली नव्हती, हेडमास्तरांच्या टाकाने ठरवलेली होती.

आमच्या पनवेलचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास धनाच्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. मुंबईहून पुण्याला जायचे तर पूर्वी गलबताने पनवेलच्या खाडीत उतरायचे आणि पुढे घाट चढायचा. १८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि पनवेलच्या पेठेचे दिवस पालटले. भात, मीठ, घाटावरचा माल, सगळ्याची चढउतार येथे. १८५२ साली येथे नगरपालिका झाली. मग १८६३ मध्ये आगगाडी बोरघाट चढून गेली, पण ती कल्याण-कर्जतच्या बाजूने. पनवेल बाजूला पडले. आता सांगा, त्या वर्षी पनवेलातल्या सगळ्याच गाडीवानांच्या आणि खलाशांच्या लाभस्थानी एकदम पापग्रह आला होता काय?

शेतकऱ्याची कहाणी याहून कडू आहे. आमच्या कुलाबा जिल्ह्यात, ज्याला १९८१ पासून आपण रायगड म्हणतो, कित्येक गावांत खोती होती. कसणारा एक आणि पिकाचा मोठा हिस्सा नेणारा दुसरा. अलिबाग तालुक्यातल्या चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली १९३३ पासून कुळांनी संप केला आणि जमिनी पडीक ठेवून तो सहा वर्षे चालवला. त्या सहा वर्षांत माणसांनी काय खाल्ले असेल याचा विचार करावा. अशा कुळाने पोराची पत्रिका दाखवली असती तर धनस्थान दुबळे, असेच उत्तर मिळाले असते, आणि ते खोटेही ठरले नसते. मात्र कारण आकाशात नव्हते, खोताच्या खळ्यावर होते. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, आणि १ एप्रिल १९५७ या दिवशी कूळकायद्याने कसणारे कूळ जमिनीचे खरेदीदार ठरले. मेषेपासून मीनेपर्यंत सर्व राशींच्या कुळांच्या धनस्थानी त्या एका दिवशी तो योग आला. अंमलबजावणीत पुष्कळ जण डावलले गेले हे खरे. पण त्यातही रास पाहिली गेली नाही, सात-बारावर नाव आहे की नाही तेवढेच पाहिले गेले.

मग १९७० साल आले. मार्चमध्ये सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण या भागांतल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. भातखाचरे, मिठागरे, खाजणे, सगळे गेले. मोबदला आला, पण तो ज्या शेतीच्या बदल्यात आला ती पिढ्यान्‌पिढ्या चालणारी होती आणि पैसा संपणारा होता. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लोक उठले. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच शेतकरी गेले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. पुढे विमानतळासाठी दहा गावे उठली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या विमानतळाचे उद्घाटन झाले.

आता त्या चिनी ज्योतिषाच्या दोन कल्पना आठवा. जमिनीचा पैसा हाती आला आणि भाऊ धन लुटणारा झाला; वाटण्यांचे, हक्कसोडीचे, बहिणींच्या सह्यांचे दावे उभे राहिले. आणि ज्याला पैसा सांभाळण्याची कधी सवयच लागू दिलेली नव्हती, त्याच्यावर पैसाच चढून बसला. मोटार आली, बंगला आला, लग्नात चार दिवस मांडव गाजला, आणि काही वर्षांनी त्याच घरातला मुलगा दुसऱ्याच्या इमारतीवर रखवालदार म्हणून उभा राहिला. सगळीकडे असे झाले असे नाही. पोरांच्या शिक्षणात पैसा घातलेली, धंदा नीट चालवणारी घरेही आमच्या तालुक्यात पुष्कळ आहेत. पण दोन घरांत फरक कशाने पडला हे पाहू गेले तर जन्मवेळ हाती लागत नाही. घरात कुणी हिशेब वाचणारे होते काय, सही करण्याआधी कागद कुणी वाचून दाखवला काय, हे हाती लागते. स्वभावाचे वर्णन चिन्यांनी मोठे अचूक केले आहे, यात शंका नाही. माणसे तशी असतात. ती तशी का होतात, याचे उत्तर मात्र त्या आठ अक्षरांत नाही.

कुणी म्हणेल, मग एवढे मनावर का घ्यायचे? चार घटकांची करमणूक आहे. मलाही एके काळी तसे वाटे. पण पुढच्या तीन गोष्टी शिक्षक मंडळींनी जरूर ऐकाव्यात.

१९६६ हे अग्नी-घोड्याचे साल होते. जपानात अशी समजूत की या साली जन्मलेली मुलगी नवऱ्याला बुडवते. १९६५ साली जपानात सुमारे १८ लाख २० हजार मुले जन्मली. १९६६ साली सुमारे १३ लाख ६० हजार. एका वर्षात पाव हिस्सा जन्म कमी! कारखाने, वीज, आगगाड्या यांत पुढारलेल्या देशात हे घडले. त्याच साली आपल्याकडच्या संवत्सराचे नाव होते पराभव, आणि आपण पाळणे थांबवले नाहीत. साठ वर्षांनी, म्हणजे २०२६ साली, त्यांचा अग्नी-घोडा आणि आपला पराभव हे दोघेही पुन्हा एकाच साली येतात.

दुसरी गोष्ट दक्षिण कोरियाची. २००७ हे वर्ष सोनेरी डुकराचे, त्यात जन्मलेले मूल श्रीमंत होणार, अशी हवा उठली. आदल्या वर्षी साडेचार लाखांच्या आसपास असलेले जन्म पाच लाखांच्या जवळ गेले. म्हणजे श्रीमंत होण्यासाठी जन्माला घातलेल्या या मुलांना पहिलीच्या वर्गापासून जास्त गर्दी आणि पुढे प्रत्येक जागेसाठी जास्त चढाओढ, एवढे तरी नक्की मिळाले.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. चीनमध्ये ड्रॅगनच्या वर्षी जन्मलेले मूल थोर आणि धनवान होते असे मानतात. नासी मोकान आणि हान यू या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१७ साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना काय आढळले? ड्रॅगन वर्षाची मुले खरोखरच परीक्षेत अधिक गुण मिळवतात आणि कॉलेजात जाण्याचे प्रमाणही त्यांच्यात अधिक असते. मात्र ही मुले जन्मतः अधिक हुशार होती असे काही दिसले नाही. त्यांच्या आईबापांच्या अपेक्षा मोठ्या होत्या. त्यांनी या मुलांवर अधिक वेळ आणि अधिक पैसा खर्च केला, आणि घरकामाला कमी जुंपले. आईबापांच्या अपेक्षांचा भाग हिशेबातून वगळला, की ड्रॅगनचा प्रभाव उरत नाही.

हे वाचल्यापासून मी आपल्याकडची उलटी बाजू पाहू लागलो. मूळ नक्षत्रावर जन्मली म्हणून मुलीची पत्रिका लपवणारी घरे आपण पाहिली आहेत. ‘याच्या नशिबात विद्या नाही’ असे कुणी एकदा म्हणाले, की त्या मुलाची वही, त्याचा कंदील, त्याचा अभ्यासाचा तास, हे सारे धाकट्याकडे जाते. मग तो सहावीत नापास होतो आणि सगळे म्हणतात, बघा, सांगितले होते ते खरे झाले. आणि हे फक्त जोशीबुवाच करतात असे नव्हे. मागच्या बाकावर बसवलेल्या पोराबद्दल ‘हा कातकरवाडीचा, हा काय शिकणार’, असे शिक्षकांच्या खोलीत म्हटले जाते, तेव्हा तेथेही एक कुंडलीच मांडली जाते, आणि तीही जन्मावरूनच. तिला पंचांग लागत नाही. जूनमध्ये पट भरताना शिक्षकाच्या हाती जो टाक असतो, त्याने पूर्वी शेकडो मुलांची जन्मतारीख ठरवली. त्या पटावरच्या नावांपैकी कुणाला पहिल्या बाकावर बसवायचे आणि कुणाकडून काय अपेक्षा ठेवायची, हेही अजून त्याच हाताने ठरते.